पंचवीस मिनिटांचं घर

खफजी
१० ऑक्टोबर २०२४

प्यारी बेटी झेबा,

सलाम आणि खूप दुआ.

तुझं पत्र पोचलं. आधी घाबरलोच. आजकाल कागदावर येते ती फक्त कंपनीची नोटीस. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि मेसच्या दारातच फोडलं. हातातली डाळ तशीच गार झाली. तू लिहितेस, शारीक तुझा फोन रोज उघडून बघतो म्हणून कागदावर लिहायचं, आणि उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवायचं. बरं बाई, तसं करतो. पण नवऱ्याने फोन पाहिला तर एवढं मनाला काय लावून घ्यायचं, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. जावई गुणी आहे. जेद्द्यासारख्या शहरात, अझीझियात फ्लॅट घेऊन बायको-पोराला जवळ ठेवून आहे. मला अडतीस वर्षांत ते जमलं नाही. माझ्या हुद्द्याला फॅमिली व्हिसा नव्हता.

इकडची खबर म्हणजे रिक्रिएशन हॉल बंद होतोय. एकतीस वर्षं मी त्याचा राखणदार. बिलियर्डचं टेबल मागच्या महिन्यातच गेलं. आता कॅसेटी आणि डिस्कांचं कपाट. नवा साहेब म्हणाला, "हाशम, यल्ला, हे सगळं भंगारात." मी एक खोकं खोलीवर आणून पलंगाखाली सारलं. त्यात सगळ्या माझ्या त्या अमेरिकन घरांच्या टीव्ही मालिका. सुट्टीवर आलो की तुला सांगायचो बघ. बाप कामावरून येतो, हॅट खुंटीला अडकवतो. आई ओव्हनमधून काहीतरी काढते. पोरं जिन्यावरून धडधडत खाली येतात. पोराने शेजाऱ्याची काच फोडलेली असते, नाहीतर पोरगी खोटं बोललेली असते. मग बाप तिच्या दारावर टकटक करतो, पलंगाच्या कडेला बसतो, चार शब्द बोलतो. पंचवीस मिनिटांत सगळं घर पुन्हा जागच्या जागी. न दिसणारी माणसं हसतात, टाळ्या वाजवतात, खलास.

इंग्रजी मी तिथेच शिकलो. बाप कसा असतो तेही तिथेच. माझे अब्बा मचव्यावर गेले ते परत आले नाहीत, मी तेव्हा तीन वर्षांचा. मला कुठे ठाऊक बाप घरात शिरल्यावर काय करतो!

एकदा तुलाही ऐटीत म्हटलं होतं, "गो टू युवर रूम!" तू सहा वर्षांची. घरात खोल्या दोन, दोन्ही माझ्या मोठ्या भावाच्या. तू जरा वेळ उभी राहिलीस आणि गोठ्यात जाऊन बसलीस. काय हसलो होतो सगळे!

तर काय झालंय ते नीट लिही. बापापासून काय लपवायचं?

तुझा
अब्बा


जेद्दा
२० ऑक्टोबर २०२४

अब्बा,

सलाम. स्टाफरूममध्ये बसून लिहितेय, मधली सुट्टी संपायच्या आत.

शारीक हात उचलत नाही. हे आधी लिहिते, कारण तुम्ही तेच विचाराल. तो बोलणं बंद करतो. सप्टेंबरमध्ये एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला शाळेत अर्धा तास थांबले, त्याला न विचारता. एकवीस दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवताना मी समोर बसलेली असते आणि तो अयानला म्हणतो, "तुझ्या मम्मीला सांग, मीठ जास्त झालंय."

अयान म्हणतो, "पापा, शी कॅन हिअर यू."

"सांगितलं तेवढं कर."

मग नऊ वर्षांचं पोर माझ्याकडे मान वळवतं, "मम्मा, सॉल्ट." आता तर तो न सांगताच निरोप्याचं काम करतो. परवा माझ्या आधी येऊन मला म्हणाला, "डोन्ट वेअर दॅट वन, पापा विल स्टॉप टॉकिंग." त्या दिवशी मी ठरवलं.

नीट वाचा. माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, शारीकच्या नावावर आहे. कागदावर तो माझा नवरा आणि माझा कफील, म्हणजे जामीनदारही. शाळा मला कायम करायला तयार आहे, मग इकामा शाळेच्या नावावर होईल. आमच्या सुपरवायझर मंजिरी मॅडमनी सगळे कागद केलेत. शेवटी शारीकच्या मोबाईलवर सरकारकडून विनंती येईल आणि त्याने "मंजूर" दाबायचं. तो दाबणार आहे. शाळेत कायम झाले की चांगलं, एवढंच त्याला माहीत आहे.

त्याला माहीत नाही ते असं. परवाना बदलला की मी दोन गल्ल्या पलीकडे, मंजिरी मॅडमच्या इमारतीत खोली घेणार. अयान याच शाळेत आहे, तो दोघांकडे राहील. हे आधी कळलं तर शारीक दुसरं बटण दाबेल, माझी फायनल एक्झिट. मला देश सोडावा लागेल आणि अयान बापाच्या परवान्यावर इथेच राहील.

कुणाला तरी ठाऊक असावं म्हणून तुम्हाला लिहिलं. कुणाशी बोलू नका. शारीकशी तर अजिबात नाही.

झेबा


खफजी
२८ ऑक्टोबर २०२४

प्यारी बेटी झेबा,

दुआ. तुझं पत्र तीनदा वाचलं. कुणाशी बोलणार नाही. फक्त उमाकांतला सांगितलं, कारण तो कुणी परका नाही. लॅबमधला उमाकांत, नगरचा. वीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्या मालिका बघितलेला. काल त्याला खोलीवर बोलावलं, चहा टाकला, एक डिस्क लावली. त्यात एक आई घरच्यांना चोरून नोकरी शोधते. बापाला कळतं, दोघं रुसतात, पोरं मध्ये पडतात, आणि शेवटी बाप स्वतःच तिच्यासाठी नाश्ता करायला जातो, टोस्ट जाळतो. आम्ही पोट धरून हसलो.

मग मी म्हटलं, "बघ उमाकांत, गुपित फुटलं तेव्हाच घर सावरलं ना?"

तो म्हणाला, "हाशमभाई, त्या बाईचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर होता का?"

"तू नेहमी लॅबसारखं बोलतोस, रक्त काढून."

"पोरीनं सांगितलंय गप बसा, तर गप बसा की राव."

गप बसायला मीही तयार आहे. पण रात्रभर डोळा लागला नाही. तू नवऱ्याला गोड बोलून बटण दाबायला लावणार आणि मग घर सोडणार. हे माझ्या पोरीला शोभत नाही. शारीक वाईट नाही, त्याला कुणी समोर बसवून सांगितलेलं नाही. त्यालाही बाप नाही, माझ्यासारखाच.

दोन हजार चारची सुट्टी आठव. तू चौदाची होतीस. मी अम्मीला लिहिलेली पत्रं माझा मोठा भाऊ, तुझे मोठे अब्बा, फोडतो, ओटीवर सगळ्यांसमोर वाचतो आणि पाहिजे तेवढं गाळतो, हे तू मला सांगितलंस. मी काय केलं? सगळ्यांना ओळीने बसवलं. भाऊ, भावजय, तुझी अम्मी, तू. एकेकाला बोलायला लावलं. भावाने माफी मागितली, अम्मीने मागितली, दोघी जावा गळ्यात पडून रडल्या. मग सांदणं खाल्ली. वाटलं, आता कुठूनतरी टाळ्या पडतील. चौथ्या दिवशी विमानात बसलो तो हलक्या मनाने. माझ्या सगळ्या आयुष्यात बाप म्हणून मी एवढं एक काम धड केलं. तुझी अम्मी, अल्ला तिला जन्नत देवो, त्यानंतर कधी एका शब्दाने तक्रार केली नाही.

पुढच्या आठवड्यात चार दिवस सुट्टी मिळतेय. तुम्हा सगळ्यांना डोळे भरून बघून जाईन म्हणतो. घाबरू नको.

तुझा
अब्बा


जेद्दा
५ नोव्हेंबर २०२४

अब्बा,

तुमचं पत्र आत्ता मिळालं. येऊ नका. सरकारची विनंती रविवारी, दहा तारखेला येणार आहे. त्यानंतर हवं तेव्हा या, माझ्या खोलीवर या. त्याआधी येऊ नका. फोन करता येत नाही म्हणून हे जलद टपालाने पाठवतेय.

दोन हजार चारचं सांगते. सांगायचं नव्हतं.

तुम्ही विमानात बसलात त्याच संध्याकाळी मोठे अब्बा अम्मीला म्हणाले, "घरातलं भांडण बाहेर नेलंस."

अम्मी म्हणाली, "बाहेर कुठे? नवऱ्याला कळलं."

ते म्हणाले, "दोन वर्षांतून दोन महिने येतो तो बाहेरचाच."

दुसऱ्या दिवशी अम्मीची चूल परसात गेली. चार वर्षं घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. ओटीवर यायचं नाही, लग्नकार्यात पुढे व्हायचं नाही. भांडी तेवढी सगळ्यांची घासायची. पोस्टमन पत्रं मोठ्या अब्बांच्याच हातात द्यायचा. आधी ते वाचून दाखवायचे तरी. त्यानंतर सात महिने एकही पत्र अम्मीपर्यंत आलं नाही. तुम्ही रागावलात असं तिला वाटत राहिलं. तिचं पत्र टाकायलाही तेच जायचे, म्हणून तिने दर वेळी "सगळं ठीक" एवढंच लिहिलं. तिने तक्रार केली नाही, असं तुम्ही लिहिता.

आणि तुम्हाला सांगितलं होतं मी. तिने नाही. हे कबूल करून मला तिची माफी मागायची होती, ती जाईपर्यंत जमलं नाही.

तुम्ही वाईट केलंत असं मी म्हणत नाही. तुम्ही गेलात, अब्बा. आम्ही तिथेच राहिलो.

येऊ नका.

झेबा


खफजी
११ नोव्हेंबर २०२४

प्यारी बेटी झेबा,

दुआ, आणि हजार दुआ. काल उशिरा पोचलो आणि कधी एकदा तुला लिहितो असं झालं. निघताना तुझ्याशी नीट बोलणं झालं नाही. तू स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाहीस, नळ किती वेळ सोडून ठेवला होतास! रागावली असशील. बापावर रागवायचा हक्क आहे तुझा. पण बघ, महिन्याभरात तूच म्हणशील.

मला राहवलं नाही गं. जुम्म्याची नमाज पढून आलो, तिघांना सोफ्यावर ओळीने बसवलं आणि शारीकला सगळं सांगितलं. खोली, मंजिरी मॅडम, सगळं. म्हटलं, "बेटा, घरात गुपित राहिलं की घराला वाळवी लागते. आता तू बोल, मग ती बोलेल." अयानने मला हळूच विचारलं, "नाना, आर वी इन ट्रबल?" मी म्हटलं, "नो सन, वी आर अ फॅमिली." हे वाक्य कुठल्याच डिस्कमधलं नाही, आपोआप तोंडात आलं.

आणि शारीक! मला वाटलं होतं आदळआपट करेल. एक शब्द वर नाही. हसला. उठून मला मिठी मारली. म्हणाला, "अब्बा, बरं झालं तुम्ही आलात. मी रविवारी दाबूनच टाकणार होतो." तुझ्याकडे वळून म्हणाला, "झेबा, अब्बांना चहा दे." बघ, बोलला ना तुझ्याशी? थेट बोलला, पोराच्या तोंडून नाही. मला विमानतळावर सोडायला स्वतः आला, बॅग हातात घेऊ दिली नाही. वाटेत गाडीत माझ्याकडून सगळं पुन्हा नीट विचारून घेतलं, कुठली इमारत, कागदावर कुणाची सही. म्हटलं, मनापासून लक्ष घालतोय.

उमाकांतला आज सगळं सांगितलं. तो कुठल्याशा तपासण्या राहिल्यात म्हणून उठून गेला.

ता.क. हे बंद करून टाकायला निघालो तर मेसच्या पोऱ्याने तुझं पाच तारखेचं पाकीट दिलं. मी गुरुवारी सकाळी निघालो आणि ते त्याच दुपारी आलं होतं. आता वाचलं.

वर लिहिलेलं फाडून टाकायला हवं. फाडत नाही. तुझा बाप काय चीज आहे ते तुझ्याजवळ त्याच्याच हातचं असू दे. झेबा, त्याने दाबलं का? मला एका ओळीने कळव. काय दाबलं त्याने?

अब्बा


जेद्दा
१८ नोव्हेंबर २०२४

अब्बा,

तुम्हाला विमानतळावर सोडून तो घरी आला, हात-पाय धुतले आणि टेबलाशी बसून दाबलं. शाळेची विनंती नामंजूर. त्याखाली माझी फायनल एक्झिट. मला समोर उभं करून, चष्मा लावून, एकेक ओळ वाचून.

अयानला म्हणाला, "तुझ्या मम्मीला सांग, चौदा डिसेंबरचं विमान आहे."

अयानने या वेळी निरोप दिला नाही. तो टेबलाखाली शिरला.

मंजिरी मॅडमना शाळेने मेमो दिलाय. शारीकने त्यांच्याविरुद्ध चार पानी तक्रार लिहिली. इमारतीच्या नावासकट.

जायला गावच्या घराशिवाय जागा नाही. तिथेच जाईन. आता शाळेच्या पत्त्यावर लिहू नका.

झेबा


खफजी
२७ डिसेंबर २०२४

झेबा बेटी,

हे गावच्या पत्त्यावर टाकतोय. पोचलीस का, कशी आहेस, काहीच कळत नाही. फोन उचलत नाहीस. उचलू नकोस, पण वाच.

मी शारीकला फोन केला. सतरा वेळा. एकदाच घेतला. मी रडलो. त्याला सांगायला लाज वाटली नाही, तुला सांगायला वाटते. तो शांतपणे म्हणाला, "अब्बा, घरात गुपितं नसावीत असं तुम्हीच शिकवलंत. आता घरात एकही गुपित नाही." आणि ठेवला.

मग मागच्या आठवड्यात जेद्द्याला गेलो. त्याने दार उघडलं नाही. आतून अयानचा आवाज आला, "हू इज इट, पापा?" "नोबडी," तो म्हणाला. मी दारावर टकटक करत राहिलो. वरच्या मजल्यावरचा इजिप्तचा एक मिसरी खाली आला आणि हात जोडून मला जिन्यापर्यंत घेऊन गेला.

तुझ्या अम्मीचं वाचल्यापासून खोलीत टीव्ही लावलेला नाही. ती वर्षानुवर्षं मला "सगळं ठीक" लिहीत राहिली आणि मी ते उमाकांतला कौतुकाने दाखवत होतो. सात महिन्यांच्या पत्रांत मी तिला काय काय लिहिलं असेल, आठवायचा प्रयत्न करतो. एका पत्रात टोस्टर पाठवतोय असं होतं. पोचला का ते तिने कधी कळवलं नाही, म्हणून मी रुसलो होतो.

मार्चमध्ये मीही कायमचा निघतोय. आता तुझी माझी एकच चूल. भाऊंना सविस्तर लिहिलंय, एक खोली तुला द्यावी म्हणून. झालं गेलं सगळं कळवलंय, म्हणजे तुला तिथे खोटं बोलायला लागणार नाही. शारीकच्या घरच्यांशी वडीलधारा म्हणून त्यांनी एकदा बोलून बघावं, असंही लिहिलंय. अयानसाठी. यात तरी काही चुकलं नाही ना माझं?

तुझा
अब्बा


९ फेब्रुवारी २०२५

अब्बा,

तुमचं पत्र मिळालं. मोठ्या अब्बांना लिहिलेलंही मिळालं. त्यांना.

त्यांनी शारीकच्या आईला आणि मामांना बोलावलं. पुढच्या जुम्म्याला बैठक ठरली. मी माफी मागायची, शारीक मला सहा महिन्यांनी व्हिजिटवर बोलावणार, नोकरी नाही, फोन नाही. मोठ्या अम्मीने गव्हाचं पीठ दळून आणलं होतं, पाहुण्यांसाठी. मी बुधवारी पहाटेच्या एसटीने निघाले.

एका तालुक्याच्या गावी आहे. इंग्रजी शाळेत पाचवी-सहावीला शिकवते. एक खोली आहे. तिला दार आहे आणि आतून कडी आहे. पहिले दोन दिवस मी ती उगाच लावत, काढत होते.

अयानशी शुक्रवारी दहा मिनिटं बोलायला मिळतं, स्पीकरवर. तो उंच झाला असेल, व्हिडिओ लावू देत नाहीत. विचारलं तर म्हणतो, "फाइन." जेवलास का? "येस." शाळा? "ओके." मी त्याला गोष्टी सांगते, चढ्या आवाजात, हसत हसत. तो ऐकून घेतो. तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा मी अशीच ऐकून घ्यायची, अब्बा. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून.

परवा ठेवता ठेवता त्याने विचारलं, "मम्मा, तुझी सुट्टी कधी संपते?" इंग्रजीत नाही, मराठीत. बहुधा त्याच्या बापाने तसंच सांगून ठेवलंय.

मी म्हटलं, "लवकर."

तुम्ही मार्चमध्ये या. गावी राहा. भावाशी भांडू नका आणि समेटही करू नका. मी बरी आहे. या पत्रावर गाव आणि पत्ता लिहिलेला नाही, पोस्टाचा शिक्काही दुसऱ्याच गावचा पडेल अशा पेटीत टाकतेय. तुम्ही चांगले आहात, म्हणून.

झेबा